डबीतला कापूस

शनिवारची रात्र होती, १४ सप्टेंबर २०१९. वेल्समधल्या ब्रिजेंडजवळच्या एका केअर होममध्ये माझी रात्रपाळी होती. औषधांची फेरी उरकून मी स्टाफरूममध्ये चहाला टेकले, तोच सोबतच्या पोरीनं मोबाईल माझ्यापुढे धरला. "आल्फीनं काय टाकलंय बघ."

आल्फी म्हणजे गॅरेथ थॉमस, वेल्सच्या रग्बी संघाचा माजी कर्णधार. सार्न हे त्याचं गाव, ब्रिजेंडला लागूनच. या भागात त्याला आडनावानं कुणी ओळखत नाही, सगळ्यांचा तो आल्फीच. व्हिडिओत तो कॅमेऱ्याकडे सरळ बघत सांगत होता, मला एचआयव्ही आहे. पुढे म्हणाला की हे गुपित माझं होतं, पण काही लोक माझ्याआधी ते तुमच्यापर्यंत पोचवायला निघालेत, त्यांनी माझं जगणं नरक करून टाकलंय, म्हणून आज मीच सांगतोय.

पोरगी एकोणीस वर्षांची. रडवेली झाली होती. पहिला प्रश्न तिनं मला विचारला तो हा: "आमचा काका त्याच्यासोबत पबमध्ये बसलाय. एकाच ग्लासातनं प्यायले असतील तर?"

मी कप खाली ठेवला आणि तिला समजावलं. ग्लासातून, थुंकीतून, मिठीतून, संडासातून एचआयव्ही पसरत नाही. ही वाक्यं मी सांगली जिल्ह्यात मराठीतून हजारो वेळा म्हटली होती. त्या रात्री पहिल्यांदाच इंग्रजीतून म्हणताना घसा दाटून आला.

वेल्सला येण्याआधी दहा वर्षं मी एका सरकारी एआरटी सेंटरवर समुपदेशक होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, एआरटी म्हणजे एचआयव्हीवरची औषधं. आपल्या देशात ती २००४ पासून सरकारी केंद्रांवर फुकट मिळतात. महिन्याच्या महिन्याला लोक डबी न्यायला येत. तासगाव, जत, विटा, आटपाडी, कुठून कुठून यायचे. खिडकीवर डबी मिळाली की बाकावर बसून आधी तिच्यावरचा कागद नखानं खरवडायचे. मग खिशातून कापसाचा बोळा काढून डबीत कोंबायचे. सुरुवातीला मला वाटलं, दमट होऊ नये म्हणून असेल. एका बाईनं सांगितलं, "गोळ्या खुळखुळतात हो एसटीत. शेजारचा विचारतो, कसल्या गोळ्या?" तेव्हापासून टेबलाच्या खणात मी कापसाचा गुंडाळा ठेवायला लागले. औषधाची मात्रा, पोटात मळमळ, रात्रीची विचित्र स्वप्नं, हे सगळं बोलून झालं की शेवटी कापूस द्यायचे.

आल्फीच्या व्हिडिओनं मला तो कापूस आठवला.

रग्बीतलं मला काडीचं कळत नव्हतं. शिकवलं ते आमच्या होममधल्या एका आजोबांनी. तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस, फुप्फुसं पार कामातून गेलेली. शनिवारी वेल्सची मॅच असली की सकाळीच लाल जर्सी अंगात घालून मागायचे. बटणं मी लावायची. मला म्हणायचे, हे बघ, चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही. पुढे पळायचं, पण द्यायचा मागच्याला. मागे आपला माणूस नसला की संपलं, चेंडू घेऊन जमिनीवर पडायचं आणि दहा जणांनी वर कोसळायचं. मी त्यांना कबड्डी समजावून सांगितली. श्वास धरून 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं, हे त्यांना फार आवडलं, पण त्यांना ते करून बघता येत नव्हतं.

आल्फीची सगळी कारकीर्द आजोबांच्या तोंडपाठ होती. आधी तो पोस्टमन होता. १९९५ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेत ब्लोमफाँटेनला जपानविरुद्ध पहिला सामना खेळला आणि त्याच सामन्यात तीन ट्राय केल्या. ट्राय म्हणजे चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणं. वेल्ससाठी त्यानं अशा ४० केल्या. २००५ मध्ये वेल्सनं सहा देशांच्या स्पर्धेत पाचही सामने जिंकले. त्याला ग्रँड स्लॅम म्हणतात, आणि वेल्सला तो २७ वर्षांनी मिळाला होता. त्या संघाचा कर्णधार आल्फी. पॅरिसच्या सामन्यात त्याचा अंगठा मोडला आणि उरलेली स्पर्धा त्याला बाहेर बसून बघावी लागली. हे सांगताना आजोबा दरवेळी स्वतःचा अंगठा वर करून दाखवायचे. त्याच वर्षी ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित लायन्स संघाचा कर्णधार न्यूझीलंडमध्ये पहिल्याच कसोटीत, पहिल्याच मिनिटांत जायबंदी झाला आणि पुढच्या दोन कसोट्यांत सूत्रं आल्फीकडे आली. २००७ च्या विश्वचषकात नाँतमध्ये फिजीविरुद्ध तो वेल्ससाठी १०० सामने खेळणारा पहिला खेळाडू ठरला. तो सामना वेल्स ३४-३८ असा हरला. आजोबांना त्या हरण्याचं दुःख बारा वर्षांनंतरही ताजं होतं.

पण या सगळ्या वर्षांत हा माणूस आतून काय सोसत होता, ते मैदानावर कुणाला दिसत नव्हतं. तो समलिंगी होता. लहानपणापासून त्याला ते कळत होतं. त्याचं लग्न झालं होतं, बायकोवर जीव होता, आणि जमेल तेवढं तो स्वतःपासूनच लपवत होता. जीव द्यायचे विचार अनेकदा आले, हे त्यानं नंतर उघडपणे सांगितलं. बायकोला खरं सांगितलं आणि संसार तुटला. नोव्हेंबर २००६ मध्ये कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमच्या ड्रेसिंगरूममध्ये तो ढसाढसा रडला. प्रशिक्षक स्कॉट जॉन्सननं त्याला बाजूला घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की हे एकट्यानं पेलायचं नाही, तुझ्याभोवती पोरं उभी राहायला पाहिजेत. त्यानं स्टीफन जोन्स आणि मार्टिन विल्यम्स या संघातल्या दोघांना सांगितलं. आल्फी बारमध्ये थरथरत बसला होता, आता हे काय म्हणतील या भीतीनं. दोघं आले, पाठीवर थाप मारली, आणि आम्हाला काही फरक पडत नाही, आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं.

मी जे काम केलं त्यात या दोन मिनिटांची किंमत मला कळते. एखाद्याची गोष्ट दुसऱ्यानं सांगायची तर ती अशी, त्याच्याभोवती माणसं उभी करण्यासाठी. एरवी तोंड उघडायचा कुणाला अधिकार नाही. दहा वर्षांत मी जी माणसं मोडलेली बघितली, त्यातली बरीचशी विषाणूनं मोडलेली नव्हती. त्यांची बातमी त्यांच्याआधी गावात पोचली होती.

डिसेंबर २००९ मध्ये, अजून खेळत असतानाच, आल्फीनं वर्तमानपत्राला मुलाखत देऊन आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. रग्बी युनियनमध्ये इतक्या वरच्या पातळीवर खेळत असताना हे सांगणारा तो पहिलाच. पुढे तो रग्बी लीगमध्ये, म्हणजे रग्बीच्या दुसऱ्या प्रकारात गेला. तिथल्या पहिल्या हंगामात एका मैदानावर प्रेक्षकांनी त्याला उद्देशून घाणेरड्या घोषणा दिल्या आणि त्या यजमान क्लबला दंड भरावा लागला. २०११ मध्ये तो निवृत्त झाला.

आजोबांना मी एकदा विचारलं, २००९ मध्ये तुम्हाला काय वाटलं होतं? ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "क्लबात बसून मी फार वाईट बोललो होतो. सगळे हसले होते. आमच्या टेबलावर एक पोरगा होता, तो नाही हसला. नंतर तो पुन्हा कधी आमच्यात बसला नाही." एवढं बोलून त्यांनी ऑक्सिजनची नळी सारखी केली. मीही पुढे काही विचारलं नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कार्डिफमध्ये एका सोळा वर्षांच्या मुलानं आल्फीवर हल्ला केला, तो समलिंगी आहे म्हणून. चेहऱ्यावरच्या जखमा घेऊनच त्यानं व्हिडिओ टाकला. पोलिसांना त्यानं सांगितलं की मुलाला कोर्टात उभं करू नका, समोरासमोर बसवून त्याला समजू द्या की त्यानं काय केलं. त्यानंतरच्या सामन्यांत वेल्ससह अनेक देशांच्या खेळाडूंनी बुटांना इंद्रधनुष्याच्या रंगाच्या नाड्या बांधल्या. मी तेव्हा नुकतीच इकडे आले होते. टीव्हीवर ते बूट बघून मला या देशाबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला.

आणि तरीही, वर्षभराच्या आत, याच देशात एक पत्रकार त्याच्या आईवडिलांच्या दारात उभा राहिला आणि मुलाच्या एचआयव्हीबद्दल विचारू लागला. आल्फीनं तोवर आईबापाला सांगितलेलं नव्हतं. त्यांना ते आपल्या मुलाच्या तोंडून कळायला हवं होतं. कुठल्या शब्दांत, घरात कुठे बसवून, आधी आईला की आधी वडिलांना, हे त्यानं ठरवायचं होतं. तो क्षण परत येणार नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. मला त्या पत्रकाराचा अजून राग येतो.

आमच्या सेंटरवर एक पैलवान यायचा. त्याच्याबद्दल लिहिण्याआधी मी त्याला हा सगळा मजकूर फोनवर वाचून दाखवला. एक ओळ काढ म्हणाला, ती काढली. नाव, गाव मी लिहिणार नव्हतेच.

वय सव्वीस. कान मोडलेले, मान झाडाच्या बुंध्यासारखी. हर्नियाच्या ऑपरेशनआधी एका दवाखान्यात रक्त तपासलं आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याला स्वतःला कळायच्या आत तिथल्याच कुणीतरी गावात फोन केला होता. तो मोटारसायकलवरून घरी पोचेपर्यंत तालमीत समजलं होतं. संध्याकाळी तो नेहमीसारखा गेला, तर वस्ताद दारातच उभे होते. शिवी दिली नाही, ओरडले नाहीत. "काही दिवस येऊ नकोस" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी हौदातली वरची माती काढून बाहेर टाकली. कोवळा असताना ज्या मातीत तो लोळला, जिच्यात ताक, हळद, तेल त्यानं स्वतःच्या हातानं कालवलं होतं, ती माती त्याच्यामुळे बाटली म्हणून फेकली. हे तो मला सांगत होता तेव्हा समोरच्या टेबलाची कड त्यानं इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली.

मला त्याला सांगायचं होतं की रोज गोळी घेतलीस तर तू म्हातारा होशील, तुला पोरंबाळं होतील. त्याला ऐकायचंच नव्हतं. त्याला माती पाहिजे होती.

दोन महिने तो डबी न्यायला आला नाही. आमच्या रजिस्टरमध्ये अशा माणसांची वेगळी यादी असते, त्यांना फोन करायचे, घरी जायचं. पण घरी जायचं म्हणजे पुन्हा गावाला दाखवायचं. मी फोनच करत राहिले. एके दिवशी त्यानं उचलला. तो तामिळनाडूत होता, नात्यातल्या एकाच्या गलाईच्या दुकानात. विटा-आटपाडीकडची माणसं सोनंचांदी गाळायला देशभर पांगलेली असतात, त्यांच्यात जाऊन मिसळला होता. तिथल्या सेंटरला त्याची कागदपत्रं बदली केली आणि त्यानं गोळ्या सुरू केल्या. त्याच सुमारास, १० सप्टेंबर २०१८ पासून आपल्याकडे एचआयव्हीचा कायदा लागू झाला. संमतीशिवाय कुणाचीही माहिती बाहेर सांगायला आता कायद्यानं मनाई आहे, हे मी त्याला फोनवर कळवलं. "चांगलं झालं मॅडम," म्हणाला. त्याच्यासाठी तो कायदा उशिरा आला होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दर १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आम्ही कॉलेजच्या मुलांची रॅली काढायचो, लाल फिती वाटायचो, व्याख्यान ठेवायचो. वक्ता डॉक्टर असायचा, कधी प्राध्यापक. प्रत्येक वर्षी मला वाटायचं की व्यासपीठावर असा एक माणूस यावा, ज्याच्या ताकदीबद्दल कुणाला शंका नाही, आणि त्यानं माइक हातात घेऊन म्हणावं, मला आहे. एखादा नामांकित पैलवान, एखादा खेळाडू. दहा वर्षांत कुणी आलं नाही. कुणाला दोष देत नाही. मातीचं काय होतं ते मी बघितलं होतं.

म्हणून त्या शनिवारी रात्री मला काय वाटलं ते शब्दांत नीट येत नाही. एका बाजूला, त्याच्याकडून ते हिसकावून घेतलं गेलं होतं. दुसऱ्या बाजूला, दहा वर्षं मी ज्याची वाट बघत होते तो माणूस समोर होता.

रविवारी सकाळी सातला माझी पाळी संपली. त्याच वेळी पश्चिमेला टेंबीच्या किनाऱ्यावर आल्फी आयर्नमॅन शर्यतीसाठी समुद्रात उतरत होता. समुद्रात ३.८ किलोमीटर पोहायचं, मग पेम्ब्रोकशरच्या चढ-उतारांवर १८० किलोमीटर सायकल, आणि त्यावर पूर्ण मॅरेथॉन. घरी जाऊन झोपले, पण झोप लागली नाही. संध्याकाळी पुन्हा कामावर आले तर आजोबांच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि निम्मा स्टाफ दारात. धावण्याच्या चार फेऱ्या असतात, प्रत्येक फेरीला दंडात एक रंगीत पट्टी अडकवतात. टेंबीच्या त्या अरुंद गल्ल्यांत लोक दुतर्फा उभे राहून त्याचं नाव घेत होते. १२ तास १८ मिनिटांत त्यानं शर्यत पुरी केली. दोन हजारांहून जास्त स्पर्धकांत ४१३ वा आला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, आदल्या रात्री साऱ्या जगाला स्वतःचं सगळ्यात मोठं गुपित सांगून आलेला. शेवटच्या रेषेवर त्यानं नवऱ्याला मिठी मारली. आजोबांनी चादरीच्या टोकानं डोळे पुसले. त्यांच्या डोक्यात एचआयव्ही म्हणजे १९८७ ची सरकारी जाहिरात, काळ्या दगडावर छिन्नीनं कोरलेली अक्षरं. थडग्याचा दगड. "तो मरणार नाही ना?" त्यांनी मला दोनदा विचारलं. नाही म्हटलं. रोज एक गोळी घेतो. रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी झालाय, आणि तसं झालं की शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला होत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जवळपास आठशे पुरुष जोडप्यांचा अभ्यास छापून आला होता. एक जोडीदार बाधित, औषधांवर. दुसऱ्याला त्याच्याकडून संसर्ग झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. हे वाक्य मला चौकाचौकात रंगवावंसं वाटतं.

तेव्हापासून आल्फीचं हेच काम झालंय. शाळा, कंपन्या, क्लब, जिथे बोलावतील तिथे तो बोलतो, 'टॅकल एचआयव्ही' नावाची मोहीम चालवतो. त्याची भाषणं मी ऑनलाइन ऐकलीत. ब्रिजेंडच्या गल्लीतला उच्चार त्यानं पुसलेला नाही. दवाखान्यात निदान झालं तेव्हा आपण मरणार असं वाटून कसा कोलमडलो, तेही तो सांगतो. भीती आधी सांगतो आणि कप-करंडक नंतर, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसतो.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्याच्या एका माजी जोडीदारानं कोर्टात दावा केला होता की आल्फीनं आपला आजार त्याच्यापासून लपवला आणि त्याच्याकडून आपल्याला संसर्ग झाला. आल्फीनं ते नाकारलं. २०२३ मध्ये त्यानं ७५ हजार पौंड देऊन, कुठलीही चूक मान्य न करता, ते प्रकरण मिटवलं. खरं काय ते त्या दोघांना ठाऊक. पण समुपदेशक म्हणून मी प्रत्येकाला सांगायचे, गावाला सांगू नकोस, पाव्हण्यांना सांगू नकोस, मालकाला सांगू नकोस. ज्याच्याशी संबंध ठेवतोस, त्याला मात्र सांग. एकट्यानं जमत नसेल तर त्याला घेऊन इथं ये, आपण तिघं बसू. ते आजही तेवढंच खरं मानते, आल्फीच्या बाबतीतही.

त्या रविवारी रात्री मी पैलवानाला व्हिडिओ पाठवला आणि खाली मराठीत चार ओळी लिहिल्या: कोण, किती पोहला, किती धावला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

बुधवारी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट विचारलं, "मॅडम, त्याचं वजन किती?"

"खेळायचा तेव्हा शंभराच्या पुढं होतं."

"मग आमच्या केसरी गटातलाच की." तो थोडा वेळ गप्प राहिला. मागे गलाईच्या भट्टीचा आवाज येत होता. "आणि गोळी रोज घेतोय?"

"रोज. एक."

"मी पण रोज घेतोय. रात्री नऊला."

"डबीत कापूस घालतोस का अजून?"

"खोलीत चौघं असतो, मॅडम," तो म्हणाला. "घालतो."